ट्रियरचा सोन्याचा हंडा: एका रात्रीतले निर्णय आणि त्यांचे परिणाम

पार्श्वभूमी

जर्मनीतलं मोझेल नदीकाठचं ट्रियर आपल्याकडे ठाऊक असतं ते कार्ल मार्क्सचं जन्मगाव म्हणून. गाव त्याच्याहून पुष्कळ जुनं. रोमन काळात त्याचं नाव ऑगस्टा ट्रेव्हेरोरम. दुसऱ्या शतकातली पोर्टा निग्रा ही काळवंडलेल्या दगडांची वेस अजून उभी आहे आणि तिथली रोमन स्मारकं १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. अशा गावात घराचा पाया खणणं म्हणजे काय असतं हे पैठणच्या किंवा तेरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फावडं खाली गेलं की काहीतरी लागतंच.

१९९३ च्या सप्टेंबरात ट्रियरच्या फेल्डस्ट्रासे या रस्त्यालगत भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम चालू होतं. ९ तारखेला पोकलेनचा दात जमिनीतल्या एका काशाच्या भांड्याला लागला. भांडं फाटलं. त्यातला काही ऐवज मातीबरोबर उचलला गेला आणि राडारोडा म्हणून गाडीत भरून दुसरीकडे टाकला गेला. उरलेलं भांडं खड्ड्यातच राहिलं.

भांड्यात रोमन सम्राटांची सोन्याची नाणी होती. सगळी मिळून अडीच हजारांहून अधिक, वजन सुमारे साडेअठरा किलो. आपल्या जुन्या हिशेबाने जवळपास सोळाशे तोळे. रोमन साम्राज्यकाळातला सोन्याच्या नाण्यांचा एवढा मोठा साठा जगात दुसरा कुठे टिकून राहिलेला नाही. "टिकून राहिलेला" हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण सापडलेले आणि मग नाहीसे झालेले साठे पुष्कळ आहेत. आपल्या केरळातच १८४७ मध्ये कण्णूरजवळच्या कोट्टयम गावी रोमन सोन्याच्या नाण्यांचं मोठं घबाड सापडलं. त्यातली थोडी नाणी त्रावणकोरच्या राजाकडे आणि संग्राहकांकडे पोचली, बाकीची विकली गेली, आटवली गेली. एकूण नाणी किती होती, शेकड्यांनी की हजारांनी, हेही आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

ट्रियरमध्ये तसं का झालं नाही, हा या प्रकरणाचा विषय. यात गुंतलेल्या खाजगी व्यक्तींची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

नाणं कोणतं, आणि त्याची किंमत काय

रोमच्या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. एका ऑरियसचे पंचवीस चांदीचे डिनेरियस होत. नीरो सम्राटाने इसवी सन ६४ च्या सुमारास त्याचं वजन उतरवलं: आधी एका रोमन पौंडात चाळीसच्या आसपास नाणी पाडत, ती त्याने पंचेचाळीस केली. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे नाणं साधारण सव्वासात ग्रॅमचं झालं. ट्रियरच्या हंड्याच्या एकूण वजनाला नाण्यांच्या संख्येने भागा, उत्तर सव्वासात ग्रॅमच्या आसपासच येतं. शुद्धता मात्र नीरोने हलवली नाही. चांदीत भेसळ केली, सोन्याला हात लावायचं धाडस त्यानेही केलं नाही.

त्या काळच्या पैशात हा हंडा केवढा? पहिल्या शतकाच्या अखेरीपासून सेप्टिमियस सेवेरस हा सम्राट येईपर्यंत लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या, साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ३०० डिनेरियस होता, म्हणजे १२ ऑरियस. अडीच हजार नाण्यांत दोनशेहून अधिक शिपायांचा वर्षभराचा पगार भागला असता. सावकाराच्या घरातली ही पुंजी असू शकेल, पण ती सरकारी खजिन्यातली रक्कम असावी असं मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. त्याचं कारण आकड्यापेक्षा नाण्यांच्या रचनेत आहे. त्याकडे पुढे येतो.

पेच

पहिला पेच काळाचा. बांधकामाच्या खड्ड्यात सापडलेल्या वस्तूचं आयुष्य तासांत मोजायचं असतं. सकाळी यंत्र पुन्हा सुरू झालं की खड्ड्यातलं भांडं आणखी फाटणार, उरलेली नाणी पुढच्या गाड्यांतून जाणार.

दुसरा पेच असा, की ज्यांना कळायला हवं होतं त्यांना हे कळलंच नव्हतं. पोकलेनच्या केबिनमधून ओल्या मातीतली नाणी दिसणं कठीण. कळलं ते टाकलेल्या मातीत हौसेने शोधाशोध करणाऱ्यांना. युरोपात अशी मंडळी बरीच असतात. बांधकामाची माती कुठे पडते यावर त्यांची नजर असते आणि मेटल डिटेक्टर घेऊन ती तिथे पोचतात. त्या मातीत सोन्याची नाणी दिसली आणि ती कुठून आली असतील याचा अंदाज बांधायला जाणकाराला वेळ लागला नाही.

अशा रीतीने एका खाजगी माणसाच्या हाती दोन गोष्टी होत्या: हंडा कुठे आहे याची माहिती आणि एक रात्र.

समोरचे पर्याय

तो माणूस त्या रात्री काय विचार करत होता याची कल्पना रंगवण्यात अर्थ नाही. पण त्याच्यापुढचे रस्ते कोणते होते हे बाहेरूनही दिसतं.

गप्प राहून नाणी हळूहळू विकणं हा सर्वांत मोहाचा रस्ता. चांगल्या स्थितीतलं ऑरियस लिलावात हजारो युरोंना जातं, दुर्मीळ सम्राटाचं असेल तर त्याच्या कितीतरी पट. पण एकदम अडीच हजार नाणी बाजारात आणली तर बोभाटा होणार. एकेक करून विकायची तर वर्षं लागणार, आणि प्रत्येक वेळी "कुठून आलं?" या प्रश्नाला खोटं उत्तर तयार ठेवावं लागणार.

आटवणं हा दुसरा रस्ता. त्यात मिळते फक्त सोन्याची किंमत, पण पुरावा उरत नाही. नाण्यांच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही, तरी घाबरलेल्या माणसाला हाच मार्ग सोपा वाटतो.

खणून काढायचं आणि संग्रहालयात नेऊन द्यायचं, हा तिसरा.

आणि चौथा रस्ता: काहीही न काढता त्याच रात्री संग्रहालयातल्या किंवा पोलिसांतल्या कुणाला तरी उठवायचं, खड्ड्यावर पहारा बसवायचा आणि सकाळी पुरातत्त्वज्ञांच्या हातून भांडं काढून घ्यायचं. शास्त्राच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला. व्यवहारात तो फारच थोडे लोक निवडतात. सोन्यावरून उठून फोन शोधायला जाणं सोपं नसतं, आणि आपण गेल्यावर दुसरा कुणी येईल ही भीतीही खोटी नसते. बातमी त्याच्या एकट्याकडेच होती असंही नाही.

काय केलं गेलं

तिसरा रस्ता निवडला गेला. तो माणूस रात्री मेटल डिटेक्टर घेऊन खड्ड्यात उतरला, फाटलेलं भांडं आणि नाणी बाहेर काढली, आणि ती ट्रियरच्या ऱ्हाईनिशेस लांडेसम्युझियम या पुरातत्त्व संग्रहालयाकडे सोपवली. हंडा जिथे होता ती जागा रोमन काळातल्या एका इमारतीचं तळघर होती, एवढं ठिकाणावरून ठरवता आलं.

या कृतीकडे दोन बाजूंनी पाहता येतं आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. रात्रीच्या अंधारात, नोंद न करता, खोली न मोजता केलेलं उत्खनन हे उत्खनन नव्हेच. नाणी भांड्यात थरांनी भरली होती का, पिशव्यांत बांधलेली होती का, खाली जुनी आणि वर नवी असा काही क्रम होता का, हे सांगणारा पुरावा त्या रात्री गेला. यंत्राने तो आधीच अर्धा मोडला होता हेही खरं. दुसरी बाजू अशी, की एवढं किलोंनी सोनं हातात असताना ते सोपवलं गेलं. हे झालं नसतं तर आज चर्चेला काही उरलं नसतं.

पुढचा निर्णय संग्रहालयाचा, आणि तो कमी नाट्यमय असला तरी तितकाच मोठा. अडीच हजार नाण्यांत एकाच प्रकारची अनेक नाणी असतात. एकेका प्रकाराचा नमुना ठेवून बाकीची विकावी, त्या पैशात इमारत दुरुस्त करावी, असा विचार जगातल्या अनेक संग्रहालयांनी पूर्वी केलेला आहे. वर्गीकरणाच्या चष्म्यातून पाहिलं तर सारखं नाणं म्हणजे "डुप्लिकेट". ट्रियरमध्ये साठा एकत्र ठेवला गेला. संग्रहालयाचे नाणेतज्ज्ञ कार्ल-योझेफ गिलेस यांनी केलेली त्याची संपूर्ण मांडणी २०१३ मध्ये, सापडल्यानंतर वीस वर्षांनी, छापून आली.

वीस वर्षं हा काळ जास्त वाटेल. पण रोमन नाण्यावर सम्राटाच्या पदव्या लिहिलेल्या असतात. त्यातला ट्रिब्यूनचा अधिकार (सम्राटाचा एक औपचारिक अधिकार) दर वर्षी नव्याने मोजला जाई आणि त्याचा आकडा नाण्यावर येई. कॉन्सल हे रोमचं मानाचं पद किती वेळा भूषवलं तेही येई. म्हणून पुष्कळशी नाणी थेट वर्षाला बांधता येतात. त्यासाठी प्रत्येक नाण्याचा मजकूर वाचायचा, वजन करायचं, झीज पाहायची, आणि मग दोन नाणी एकाच ठशातून पाडलेली आहेत का हे भिंगाखाली ताडून पाहायचं. अडीच हजारांच्या वर नाणी, प्रत्येकाच्या दोन बाजू.

सगळी नाणी एकत्र राहिल्याने काय कळलं

हा हंडा नीरोच्या काळापासून सुरू होतो आणि सेप्टिमियस सेवेरसच्या पहिल्या वर्षांपर्यंत येतो. मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांतले सम्राट, त्यांच्या राण्या आणि घरातली माणसं. सुरुवात नीरोपाशी का, याचं उत्तर वर आलेल्या वजनात आहे. त्याच्या आधीची नाणी जड होती. जड नाणं कुणी हलक्याच्या भावाने खर्च करत नाही; ते बाजूला पडतं किंवा आटतं. त्यात ट्राजान सम्राटाने इसवी सन १०७ च्या सुमारास जुनी झिजकी नाणी गोळा करून वितळवली असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. दुसऱ्या शतकातल्या खजिन्यात पहिला सम्राट ऑगस्टस याचं सोनं न सापडणं हे म्हणूनच स्वाभाविक. उलट आपल्या तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ ऑरियसांत ऑगस्टसपासूनची नाणी आहेत. ती साम्राज्यातून आधीच बाहेर पडलेली असल्यामुळे रोमच्या आटणीत सापडली नाहीत. पुदुक्कोट्टईच्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. तो कुणी आणि का घातला हा वाद मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही.

खरी मेख शेवटाकडे आहे. ट्रियरच्या नाण्यांचा मोठा भाग सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धापाशी, इसवी सन १६७ च्या आसपास थांबतो. त्यानंतर नाणी एकदम विरळ होतात आणि शेवटची मोजकी १९३ ते १९६ या काळातली आहेत. हंडा एकदाच पुरून विसरला गेला असता तर अशी शेपूट राहिली नसती. कुणीतरी तो पुरला, तो कुठे आहे हे लक्षात ठेवलं, आणि तीस वर्षांनी तो पुन्हा उघडून त्यात भर घातली. एका माणसाच्या स्मरणापेक्षा कचेरीच्या दप्तराला हे जास्त जमणारं आहे. सरकारी खजिन्याचा तर्क इथून येतो, आणि मला तो पटतो.

दोन्ही तारखा संकटाच्या आहेत. १६५ पासून साम्राज्यभर मोठी साथ पसरली होती आणि डॅन्यूबच्या सीमेवर युद्ध पेटत होतं. १९६ मध्ये ब्रिटनचा सुभेदार क्लोडियस अल्बिनस स्वतःला सम्राट म्हणवत फौज घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, उतरला. ट्रियरला वेढा पडला. माइन्त्सला एक शिलालेख आहे, त्यात ट्रेव्हेरी लोकांच्या नगराने, म्हणजे ट्रियरने, बाविसाव्या लीजनने वेढ्यात आपलं रक्षण केल्याबद्दल कृतज्ञता नोंदवली आहे. अल्बिनस १९ फेब्रुवारी १९७ रोजी लुग्डुनम म्हणजे आजच्या लियॉनपाशी हरला आणि मेला. शहर वाचलं. हंड्याची जागा माहीत असलेला माणूस मात्र बहुधा वाचला नाही, कारण नंतर तो कुणी उघडला नाही.

आता गप्प राहून विकण्याच्या रस्त्याकडे परत या. विकणारा पहिल्यांदा काय विकतो? ज्याला सर्वांत जास्त भाव येतो ते. १९३ ते १९६ ही वर्षं सत्तेच्या घोळाची, राज्यं महिन्यांत बदलत होती, त्या काळातलं सोनं कमी आणि म्हणून महाग. म्हणजे हंड्यातून सर्वांत आधी नेमकी तीच मोजकी नाणी निघून गेली असती. उरलेली अडीच हजार पुढे प्रामाणिकपणे संग्रहालयात आली असती, तरी अभ्यासकांनी हा साठा १६७ चा, साथीच्या काळात पुरलेला असं ठरवलं असतं. वेढा, दुसऱ्यांदा उघडलेला हंडा, दप्तर सांभाळणारी कचेरी, यातलं काहीच कळलं नसतं. वजनात फरक पडला असता फार तर अर्ध्याएक किलोचा. साठ्यातून थोडी नाणी गेली तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणि म्हणूनच ज्या मातीबरोबर काही नाणी खड्ड्याबाहेर गेली तिचा प्रश्न कधी पूर्ण मिटत नाही. त्या मातीत सापडलेलं प्रत्येक नाणं संग्रहालयात आलं असेल अशी खात्री देणारी कुठलीच व्यवस्था त्या दिवशी जागेवर नव्हती.

दुसरी परीक्षा

सापडलेलं सांभाळणं ही वेगळी गोष्ट. साठा एकत्र ठेवायचा निर्णय घेतला की साडेअठरा किलो सोनं एका दालनात ठेवण्याची जबाबदारीही येते. संग्रहालयाला तिथे दोन टोकं होती: नाणी बँकेच्या तिजोरीत ठेवून लोकांना छायाचित्रं दाखवायची, किंवा खरी नाणी मांडायची आणि त्या मांडणीवर खर्च करायचा. दुसरं निवडलं गेलं.

२०१९ च्या ऑक्टोबरात रात्री चोर संग्रहालयात शिरले. त्यांनी जड हत्यारांनी नाण्यांच्या पेटीवर घाव घातले. बाहेरून काच तडकली, पण ती चिलखती काच होती, आत हात जाईल एवढं भोक पडलं नाही. इशारा गेलेला होता, पोलिस निघाले होते. चोर रिकाम्या हाताने पळाले. पुढे डीएनएच्या पुराव्यावरून तपास आरोपींपर्यंत पोचला आणि खटला उभा राहिला.

हे नशीब नव्हतं, हे कळण्यासाठी तीन वर्षांनंतरची दुसरी घटना पाहावी. बव्हेरियातल्या मांखिंगच्या संग्रहालयात केल्टिक लोकांची ४८३ सोन्याची नाणी होती. १९९९ मध्ये उत्खननात सापडलेली, वजन साधारण पावणेचार किलो. २२ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे चोरांनी आधी गावातल्या टेलिफोनच्या तारा कापल्या, मग आत शिरले आणि नऊ मिनिटांत नाणी घेऊन गेले. इशारा पोचलाच नाही. पुढच्या वर्षी संशयित पकडले गेले तेव्हा त्यांच्यातल्या एकाजवळ सोन्याचे अठरा गोळे मिळाले. प्रत्येक गोळा चार-चार नाणी आटवून केलेला. म्हणजे सत्तरेक नाणी कायमची गेली, आणि बाकीची कुठे आहेत हा प्रश्न तसाच.

दोन्ही ठिकाणी हेतू एकच होता. फरक काचेचा आणि काच किती मिनिटं टिकते याचा होता. पेटीची काच पोलिस येईपर्यंतचा वेळ विकत घेण्यासाठी असते. ती किती जाड हवी हे पोलिस चौकी किती लांब आहे यावर ठरतं, आणि चौकीला कळवणारी तार एकच असेल तर काचेचा उपयोग निम्मा होतो.

निष्पत्ती

नाणी ट्रियरच्या संग्रहालयात आहेत, एकत्र आहेत, आणि नाणी पाहायला आलेल्या माणसाला ती खरीच दिसतात. भांड्याचं फाटणं, रात्रीचं खणणं आणि मातीबरोबर गेलेल्या नाण्यांबद्दलची शंका ही या हिशेबाची खर्चाची बाजू.

वेगळं काय करता आलं असतं

खड्ड्यापासून सुरुवात करू. ज्या शहराखाली रोमन शहर आहे तिथे यंत्र चालू असताना माणूस उभा हवा. हे संग्रहालयाने किंवा बांधकाम करणाऱ्याने प्रत्येक मिनिटाला करावं ही अपेक्षा महाग आहे. पण राडारोडा कुठे टाकला जातो याची नोंद ठेवणं आणि शंका आली की ती जागा लगेच बंद करणं, याला फारसा खर्च येत नाही. टाकलेल्या मातीपर्यंत हौशी मंडळी पोचतात आणि पुरातत्त्व खातं पोचत नाही, हे उलट व्हायला हवं होतं.

मग सापडवणारा. त्याने चौथा रस्ता घ्यायला हवा होता असं म्हणणं सोपं आहे. तो रस्ता माणसं कधी घेतात, हा जास्त कामाचा प्रश्न. जर्मनीच्या दिवाणी संहितेत गुप्तधनाची अर्धी वाटणी सापडवणाऱ्याला आणि अर्धी जमिनीच्या मालकाला असा सर्वसाधारण नियम आहे. तो मुळात हेड्रियन सम्राटाचा. ज्याचा चेहरा अशा ऑरियसांवर असतो, त्यानेच ऑरियस सापडलं तर कुणाचं, हे ठरवून ठेवलं होतं. पण बहुतेक जर्मन राज्यांनी त्यावर आपला कायदा बसवला आहे. ट्रियर ज्या राज्यात येतं त्या ऱ्हाईनलँड-पॅलाटिनेटच्या कायद्यात शास्त्रीय दृष्ट्या मोलाचं गुप्तधन सरकारचं होतं. नियम योग्य आहे, पण तो एकटा पुरत नाही. २०१३ मध्ये याच राज्यात र्‍युल्झहाइमजवळच्या जंगलात एका माणसाला उत्तर-रोमन काळातला सोन्याचांदीचा साठा सापडला. तो त्याने कळवला नाही. चांदीने मढवलेली घडीची खुर्ची खणून ओढून काढताना मोडली. पुढे तपास झाला, साठा जमा झाला, त्या माणसावर खटलाही झाला. खुर्ची मोडली ती मोडलीच. शिक्षेची भीती माणसाला गप्प बसवते. बोलतं करायला भरवशाचं बक्षीस आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्रात रोमन सोनं तुरळक मिळालं आहे, पण रोमशी व्यापाराच्या खुणा तेरला आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला आहेत. तिथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. घराच्या पायात, विहिरीत, शेतात हंडा लागला तर लागू होतो तो १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं की लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. काय मिळालं, किती, कुठे आणि कधी, हे त्यात हवं. दडवलं तर तुरुंग किंवा दंड, शिवाय सापडवणाऱ्याचा वाटाही जातो. दुसरा कुणी हक्कदार पुढे आला नाही आणि वेगळा करार नसला तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा. सरकारला तो ठेवा हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं.

अडचण या शेवटच्या कलमात आहे. धातूच्या किमतीवर वीस टक्के हा भाव सोनाराकडे जाण्यापेक्षा थोडा बरा, पण संग्राहक देईल त्याच्या जवळपासही नाही. कायदा सापडवणाऱ्याला आटणीच्या रस्त्यावरून वळवतो, गुपचूप विक्रीच्या रस्त्यावरून नाही. ट्रियरच्या शेपटातली मोजकी नाणी आठवा: अशा कलमाखाली नेमकी तीच जातात. हे बदलायचं तर भरपाई नाण्याच्या बाजारभावाशी, निदान तज्ज्ञांनी ठरवलेल्या किमतीशी जोडावी लागेल, आणि साठा अखंड जमा केल्याबद्दल वेगळी रक्कम ठेवावी लागेल. तोपर्यंत ज्याच्या फावड्याला भांडं लागेल त्याने ते हलवू नये, मोबाइलने जागेवरच सर्व बाजूंनी छायाचित्रं काढावीत, बाहेर पडलेली माती वेगळ्या ढिगाने तिथेच ठेवावी, आणि तलाठी व पोलिस पाटील या दोघांना बोलावून त्यांच्यासमोर पंचनामा करून घ्यावा. नाणी धुऊ नयेत, चिंचेने तर मुळीच नाही.